डगमगणारी फळी

लाकूडकामाच्या छोट्या कारखान्यात दोन गोष्टींची चर्चा वेगवेगळी होते. सांधा का उघडला हा एक विषय आणि करवतीवर बोट का गेलं हा दुसरा. पहिल्यावर कारागीर तासन्‌तास बोलतात. दुसऱ्यासाठी भिंतीवर ‘सावधान’ची पाटी ठोकली की झालं. मला हे दोन्ही विषय एकच वाटतात. टेबलावर सपाट न बसणारी फळी गोल करवतीत अडकते आणि उलटी फेकली जाते. तीच फळी कशीबशी कापून चौकटीत घातली, तर सांध्याच्या खांद्यापाशी, म्हणजे दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात तिथे, फट पडते. दोन्हीच्या मुळाशी फळी नीट न तासण्याचा कंटाळा असतो.

म्हणून सुरुवात एका सपाट बाजूपासून करायची. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवाव्यात आणि एका बाजूने डोळा लावून पाहावं. पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत, तर फळीला पीळ आहे. आधी एक रुंद बाजू सपाट करायची, मग तिला गुण्या लावून एक कड काटकोनात आणायची, आणि दोन्हींवर पेन्सिलीने खूण करायची. यापुढची सगळी मापं आणि सगळ्या रेघा याच दोन बाजूंवरून घ्यायच्या. मार्किंग गेज, म्हणजे कडेला टेकवून समांतर रेघ मारायचं हत्यार, एकदा या बाजूला आणि एकदा समोरच्या बाजूला टेकवला, की फळीच्या जाडीत असलेला अर्ध्या मिलिमीटरचा फरक थेट सांध्यात उतरतो.

जॉइंटरवर, म्हणजे फळीची खालची बाजू फिरत्या पात्यांनी सपाट करणाऱ्या यंत्रावर, हे काम करताना खोलगट बाजू खाली ठेवावी, म्हणजे फळी दोन कडांवर स्थिर बसते. फुगीर बाजू खाली ठेवली तर फळी झुलत राहते आणि यंत्र तो झोका तसाच कापतं. एका वेळी 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी घ्यावं. पलीकडच्या टेबलाची उंची पात्यांच्या सर्वांत वरच्या बिंदूशी तंतोतंत जुळलेली हवी. ते खाली असेल तर फळीचं शेवटचं टोक जास्त खाल्लं जातं, वर असेल तर फळी टेबलाच्या कडेला अडते किंवा निमुळती होत जाते. 300 मिलिमीटरपेक्षा आखूड तुकडा या यंत्रावर चढवूच नये. दोन टेबलांच्या मधल्या फटीवरून जाताना त्याचं टोक खाली घुसतं, तुकडा निसटतो आणि वर दाबलेला हात थेट पात्यांवर येतो. आखूड तुकडे हवे असतील तर लांब फळी तासून घ्यावी आणि नंतर कापावी. पातळ फळी पुढे सरकवताना पकडीचे ठोकळे वापरावेत, आणि पात्यांच्या बरोबर वर हात कधीही नसावा.

तंतूंची दिशा फळीच्या कडेवर वाचता येते. पाती तंतूंच्या उताराने गेली तर पृष्ठभाग गुळगुळीत निघतो. चढाच्या दिशेने गेली तर कपचे उडतात, फळी हादरते आणि हात घट्ट धरण्याच्या नादात नको तिथे जातो.

थिकनेसरबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. हे यंत्र फळी सपाट करत नाही, ते फक्त वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतं. वाकलेली फळी त्याच्या रोलरखाली दबून तात्पुरती सरळ होते आणि बाहेर आली की पुन्हा वाकते, फक्त आता ती सगळीकडे सारख्या जाडीची असते. जॉइंटर नसेल तर हाताच्या रंध्याने एक बाजू सपाट करून मगच फळी थिकनेसरमध्ये घालावी. तो रंधा मारायला लागलेला वेळ वाया जात नाही.

आता गोल करवत. दहा इंची, म्हणजे 254 मिलिमीटर व्यासाचं पातं मिनिटाला 4,000 फेरे घेतं तेव्हा दातांचा वेग सेकंदाला सुमारे 53 मीटर, म्हणजे ताशी जवळपास 190 किलोमीटर होतो. पुढच्या बाजूचे दात लाकूड खाली टेबलावर दाबत कापतात, तोपर्यंत सगळं आपल्या बाजूने असतं. मागच्या बाजूचे दात मात्र टेबलातून वर येत असतात. लाकूड त्यांना टेकलं की ते उचललं जातं, पात्याच्या माथ्यावर चढतं आणि त्याच वेगाने चालवणाऱ्याकडे येतं. यालाच किकबॅक म्हणतात. हे घडायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, त्यामुळे ‘सावध राहीन आणि हात काढून घेईन’ या भरवशाला काही अर्थ नसतो. शिवाय फळी झटक्यात सरकते तेव्हा तिच्यावर टेकलेला हातही तिच्याबरोबर पात्याकडे ओढला जातो.

लाकूड मागच्या दातांना का टेकतं? मुख्य कारणं तीन. पहिलं, फळीच्या आतला ताण मोकळा होतो आणि कापलेली चीर मागे मिटत जाते. दुसरं, फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची टेबलावरची उभी आडपट्टी, पात्याशी समांतर नसते, मागच्या टोकाला आत वळलेली असते. तिसरं, फेन्सला टेकलेली कड सरळ नसते, त्यामुळे फळी चालताचालता फिरते. तिसरं कारण तासण्याचं आहे, म्हणजे वर सांगितलेल्या कामात ते संपतं. उरलेल्या दोनांसाठी यंत्र नीट लावावं लागतं.

पहिल्यावरचा उपाय म्हणजे रायव्हिंग नाइफ, पात्यामागे उभी राहणारी आणि पात्याबरोबरच वरखाली होणारी पोलादी पट्टी. तिची जाडी पात्याच्या मुख्य चकतीपेक्षा जास्त आणि दातांनी पडणाऱ्या चिरेपेक्षा कमी हवी. चकती 2.2 मिलिमीटर आणि चीर 3.2 मिलिमीटर असेल तर 2.5 मिलिमीटरची पट्टी चालते. पात्यापासून तिचं अंतर 3 ते 8 मिलिमीटर आणि तिचं टोक पात्याच्या माथ्यापेक्षा दोनतीन मिलिमीटर खाली. ती पात्यापेक्षा बुटकी असल्यामुळे खोबणी पाडतानाही काढावी लागत नाही. जुन्या यंत्रांवर पट्टी उंच आणि एका जागी घट्ट बसवलेली असते. खोबणीच्या कामासाठी ती काढतात आणि परत लावायची राहून जाते. नवं यंत्र घेताना मोटरच्या ताकदीआधी ही एक गोष्ट पाहावी, असं माझं ठाम मत आहे.

फेन्स तपासण्याआधी पातं टेबलातल्या, कोनमापक सरकतो त्या खाचेशी समांतर आहे का ते पाहायचं. यंत्राचा प्लग काढून पात्याच्या एका दातावर खडूने खूण करा. तो दात पुढे असताना खाचेपासून त्याचं अंतर मोजा, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजा. दात एकच असल्यामुळे पात्याच्या वाकडेपणाची चूक मापात शिरत नाही. फरक 0.1 मिलिमीटरच्या आत असावा. मग फेन्स त्याच खाचेशी समांतर करा. काही चुकलं असेल तर लाकूड स्वतः सांगतं. फेन्सकडच्या तुकड्यावर काळे जळके पट्टे आले तर फेन्स मागे आत वळलेली आहे. पट्टे सुटणाऱ्या तुकड्यावर आले तर ती बाहेर गेली आहे. दोन्हीकडे आले तर पातं बोथट आहे किंवा त्यावर चीक जमलेला आहे. तो काढून दात चमकले की निम्म्या वेळा पात्याला धार लावायची गरजच उरत नाही.

पात्याची उंची किती, यावर वाद आहेत. दातांमधला खोलगट भाग लाकडाच्या जरा वर येईल इतकी ठेवावी. त्याहून उंच ठेवलं तर दात अधिक सरळ खाली कापतात हे खरं, पण उघडं पोलादही तेवढंच वाढतं. तंतूंच्या दिशेने उभं चिरायला 24 दातांचं पातं लावावं, आडव्या कापाला 60 ते 80 दातांचं. 80 दातांच्या पात्याने जाड फळी उभी चिरायला गेलं की भुसा बाहेर पडायला जागा मिळत नाही, पातं तापतं, माणूस वैतागून जोर लावतो, आणि अपघाताला हवं ते सगळं तिथेच तयार होतं.

उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, थोडं डावीकडे, फेन्स उजवीकडे आहे असं धरून. फेन्स आणि पातं यांच्यातलं अंतर 150 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर हाताऐवजी ढकलकाठी. 50 मिलिमीटरखाली काठीऐवजी तुकड्याला वरून दाबणारा आणि मागून अडकणारा ठोकळा, जो पात्याने थोडा कापला गेला तरी हरकत नसते. फेन्सकडचा तुकडा पात्याच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत ढकलत राहायचं, मध्येच सोडायचा नाही. दुसऱ्या बाजूला सुटलेला तुकडा पातं थांबेपर्यंत तसाच पडू द्यावा. तो उचलायचा मोह फार होतो.

आडवा काप घेताना सरकता कोनमापक आणि फेन्स एकत्र वापरू नयेत, कारण कापलेला तुकडा दोघांच्या मध्ये कोंडला जातो आणि तिरपा होऊन उडतो. एकाच लांबीचे अनेक तुकडे हवे असतील तर फेन्सवर, पात्याच्या बऱ्याच अलीकडे, निदान 25 मिलिमीटर जाडीचा ठोकळा आवळावा. तुकडा त्या ठोकळ्याला टेकवून माप घ्यायचं. पात्यापर्यंत पोचेपर्यंत त्याच्या आणि फेन्सच्या मध्ये मोकळी जागा तयार झालेली असते.

हातमोजे कुठल्याही फिरत्या पात्याजवळ नकोत. उघडी कातडी कापली जाते, मोजा मात्र अख्खा हात आत ओढतो. लोंबत्या बाह्या, गळ्यातली साखळी, अंगठी यांचंही तेच. त्वचेचा स्पर्श ओळखून 5 मिलिसेकंदांच्या आत पातं थांबवणारी यंत्रं आता मिळतात, सॉस्टॉप हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. उत्तम शोध आहे, पण ते यंत्र फळीची उलटफेक थांबवत नाही, आणि ओलं लाकूड किंवा त्यात लपलेला खिळा यांनाही ते बोट समजू शकतं.

विजेचं थोडक्यात. वीज गेल्यावर यंत्र आपोआप बंद अवस्थेत जाईल आणि परत आल्यावर स्वतःहून सुरू होणार नाही असा स्विच प्रत्येक यंत्राला हवा. पातं बदलताना स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवावा. लांब आणि बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवर जड मोटर चालवली की विजेचा दाब कमी पडतो, मोटर तापते, आणि पातं नेमकं फळीच्या मध्यावर अडखळतं.

फळीच्या आतल्या ताणाचा उल्लेख वर आला. तो यंत्राएवढाच सांध्यालाही छळतो. लाकूड ओलाव्याबरोबर लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. सागवानाचं उदाहरण घेऊ. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत ते वर्षवलयांच्या स्पर्शरेषेत साधारण 5.8 टक्के आकसतं आणि त्रिज्येच्या दिशेने 2.5 टक्के. हा सगळा संकोच ओलावा 30 टक्क्यांच्या आसपास असताना सुरू होतो. म्हणजे स्पर्शरेषेत कापलेल्या 400 मिलिमीटर रुंद फळीचा ओलावा 5 टक्क्यांनी बदलला, तर तिची रुंदी जवळपास 4 मिलिमीटरने बदलते. इतर बरीच लाकडं सागवानापेक्षा जास्त हलतात.

या 4 मिलिमीटरचं गणित दाराच्या दिल्ह्यात, म्हणजे चौकटीच्या खोबणीत बसणाऱ्या फळीत, मांडावं लागतं. खोबणी 10 मिलिमीटर खोल असेल तर कोरड्या दिवसांत दिल्हा प्रत्येक बाजूला 7 मिलिमीटरच आत जाईल असा कापावा. दमट दिवसांत काम असेल तर दिल्हा आधीच फुगलेला असतो, तेव्हा तो 9 मिलिमीटर आत असला तरी चालतो. खोबणीत गोंद लावायचा नाही. वर आणि खाली बरोबर मध्यावर एकेक छोटा खिळा मारला की दिल्हा दोन्हीकडे सारखा सरकतो. आणि दिल्ह्याला पॉलिश चौकटीत बसवण्याआधी करावं, नाहीतर आकसल्यावर कडेला कच्च्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडते.

आता कुसाचा सांधा, म्हणजे मॉर्टिस-टेनन: एका पट्टीच्या टोकाची जीभ, म्हणजे कुसू, दुसरीच्या खाचेत बसते. कुसाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश हा नियम सगळे सांगतात, पण शेवटचा शब्द पटाशीचा असतो. 22 मिलिमीटर जाड पट्टीचा एक तृतीयांश 7.3 येतो, पटाशी 8 मिलिमीटरची आहे, म्हणून कुसू 8 मिलिमीटरचं. खाच आधी पाडायची आणि कुसू तिच्या मापाने करायचं. कुसू पातळ करणं सोपं आहे, खाच अरुंद करता येत नाही. उभी पट्टी 60 मिलिमीटर रुंद असेल तर खाच 40 मिलिमीटर खोल आणि कुसू 38 मिलिमीटर लांब ठेवावं. तळाशी उरलेल्या 2 मिलिमीटरमध्ये जादा गोंद जातो. ती जागा नसेल तर कोंडलेला गोंद सांधा पूर्ण मिटू देत नाही आणि आपण उगाच शिकंजे (क्लॅम्प) आवळत बसतो.

खाच पट्टीच्या टोकाजवळ असेल तर उभ्या पट्टीची लांबी 20 ते 25 मिलिमीटर जास्त ठेवावी आणि ते जादा टोक गोंद सुकल्यावरच कापावं, नाहीतर कुसू ठोकताना टोक उभं चिरतं. खांद्याची रेघ पेन्सिलीने नाही, सुरीने मारावी. सुरीची रेघ तंतू तोडते आणि पटाशीला टेकायला जागा देते. खांद्याच्या आतल्या भागाला, कुसाजवळ, अगदी किंचित खोलगट करावं म्हणजे बाहेरची कड घट्ट मिटते. कुसू 80 मिलिमीटरपेक्षा रुंद होत असेल तर त्याची दोन करावीत, कारण ते रुंदीत आकसणार आहे आणि खाच मात्र लांबीच्या दिशेने तशीच राहणार आहे.

बसणं किती घट्ट असावं? हाताच्या दाबाने बहुतेक आत जावं, शेवटचे काही मिलिमीटर मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. आडवी पट्टी धरून उचलली तर उभी पट्टी खाली पडू नये. त्याहून घट्ट केलं तर कुसू आत जाताना गोंद खरवडून बाहेर काढतं, आणि लाकूड फाटतं ते वेगळंच.

कुसाचे गाल, म्हणजे त्याच्या दोन रुंद बाजू, गोल करवतीवर कापायचे असतील तर पट्टी उभी धरून नुसती फेन्सला टेकवून ढकलू नये. ती फेन्सवर सरकणाऱ्या साच्यात आवळावी, आणि सुटणारा तुकडा पात्याच्या बाहेरच्या बाजूला यावा. फेन्स आणि पातं यांच्यात अडकलेला छोटा तुकडा बंदुकीतून सुटावा तसा मागे येतो. साचा नसेल तर हे काम हाताच्या करवतीने करा. चारसहा सांध्यांसाठी साचा लावायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात हाताने कापून होतात. बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारखं पातं असलेली उभी करवत, हा दुसरा चांगला पर्याय. तिचं पातं लाकूड खाली टेबलावर दाबतं, त्यामुळे उलटफेक होत नाही. वरचा मार्गदर्शक लाकडाच्या 3 ते 5 मिलिमीटर वर ठेवला की पातं वळत नाही आणि उघडंही राहत नाही. गोल दांडा मात्र खाचेच्या ठोकळ्यात बसवल्याशिवाय तिच्यावर कापू नये, तो गर्रकन फिरतो.

राउटरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटाने लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, खाच पाडताना एका फेरीत 4 ते 5 मिलिमीटर खोली पुरे. बिटाचा दांडा कॉलेटमध्ये, म्हणजे तो आवळून धरणाऱ्या पकडीत, तळापर्यंत घालून मग 2 मिलिमीटर वर ओढावा, नाहीतर आवळताना तो घट्ट बसत नाही. हातातला राउटर बाहेरच्या कडेवरून घड्याळाच्या उलट दिशेने न्यायचा, आतल्या कडेवरून घड्याळाच्या दिशेने. उलट नेला तर बिट चाकासारखं कडेवर धावतं. 50 मिलिमीटर व्यासाच्या बिटाला वेग 12,000 फेऱ्यांच्या आसपास आणावा. बारीक बिटाच्या वेगाने ते फिरवणं हा जुगार आहे.

भुशाबद्दल दोनच वाक्यं: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली, आणि सर्वांत घातक धूळ ती जी डोळ्यांना दिसत नाही. घासकाम करताना एन 95 प्रतीचा मास्क आणि यंत्राला शोषक हवा. कानांसाठी मफ, कारण 85 डेसिबलला आठ तास चालतात, पण आवाज दर 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो, आणि गोल करवत सहज शंभरीला जाते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या तेलाच्या सुकण्याच्या उष्णतेनेच पेट घेतात. एकेक पसरून सुकवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

चौकट जोडण्याआधी एकदा कोरडी जोडून पाहायची, शिकंजांसकट. पांढऱ्या गोंदाला उघड्यावर पाच ते दहा मिनिटंच मिळतात, तेवढ्यात शिकंजा शोधायची वेळ येऊ नये. गोंद खाचेच्या आत आणि कुसाच्या गालांवर, दोन्हीकडे लावावा. खांद्यावरचे तंतू टोकाकडून उघडे असतात, तिथला गोंद शोषला जातो आणि पकड देत नाही. शिकंजे आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. फरक असेल तर शिकंजे किंचित तिरपे करून लांब कर्णाच्या दिशेने दाब द्यावा. पीळही पाहावा, त्याच दोन पट्ट्या ठेवून. फळीच्या वेळी तो राहिला असेल तर आता तो चौकटीत दिसेल, आणि शिकंजांनी दाबून काढलेला पीळ शिकंजे सोडताच परत येतो.

कुसू सैल झालंच, तर गोंदात भुसा कालवून फट भरण्याचा उपाय करू नका. पांढरा गोंद फटीत भरल्यावर सुकताना आकसतो आणि कमजोर राहतो. त्याऐवजी कुसाच्या गालावर तंतूंच्या त्याच दिशेने पातळ लाकडी पापुद्रा चिकटवा, रात्रभर सुकू द्या आणि रंध्याने परत मापात आणा. जुना उघडलेला सांधा दुरुस्त करताना आधीचा कडक झालेला गोंद पटाशीने पूर्ण खरवडून लाकूड उघडं करावं लागतं, कारण नवा गोंद जुन्या गोंदाला धरत नाही. खरवडल्याने कुसू आणखी बारीक होतं, म्हणून पापुद्र्याची जाडी त्यानंतरच मोजावी.